बीजपेशी कशा तयार होतात? सरकीपासून सिकलसेलपर्यंत वारंवार विचारले जाणारे प्रश्न

यवतमाळ जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी मी अकरावी-बारावीला जीवशास्त्र शिकवतो. अर्धगुणसूत्री विभाजनाचा एकच धडा दरवर्षी शिकवतो, पण त्यावरचे निम्मे प्रश्न वर्गाबाहेर येतात. कोणी पानठेल्यावर विचारतं, कोणी कृषी केंद्रासमोरच्या बाकावर, कोणी संध्याकाळी ओसरीवर येऊन. ते इथे मांडले आहेत, शक्यतो विचारणाऱ्यांच्याच शब्दांत.

सर, अर्धगुणसूत्री विभाजन म्हणजे नेमकं काय?

आपल्या अंगातली बहुतेक प्रत्येक पेशी ४६ गुणसूत्रं, म्हणजे आनुवंशिक माहितीचे डीएनएचे धागे, बाळगते. ही ४६ म्हणजे २३ जोड्या. प्रत्येक जोडीतलं एक गुणसूत्र आईकडून आलेलं, दुसरं बापाकडून. जखम भरताना, केस वाढताना, हाड सांधताना पेशी विभागते तेव्हा दोन्ही नव्या पेशींना पुरती ४६ मिळतात. ते सूत्री विभाजन.

शुक्राणू आणि अंडपेशी बनवायच्या असतात तेव्हा पेशी वेगळ्या रस्त्याने जाते. प्रत्येक जोडीतलं एकच गुणसूत्र पुढे पाठवते. मग बीजपेशीत २३ येतात, आणि अशा दोन बीजपेशी मिळाल्या की गर्भाच्या पहिल्या पेशीत पुन्हा ४६. हे अर्धगुणसूत्री विभाजन. पुस्तकात बीजपेशीला युग्मक म्हणतात, जोडीवाल्या पेशीला द्विगुणी आणि जोडी सुटलेल्या पेशीला एकगुणी.

नावात 'अर्ध' आहे, म्हणजे गुणसूत्र मधोमध चिरलं जातं का?

नाही. दर वर्षी उत्तरपत्रिकेत चार-पाच मुलं हेच लिहितात, आणि मी त्यांना फार दोष देत नाही. दोष शब्दांचा आहे. पुस्तकात गुणसूत्राच्या दोन सारख्या प्रतींपैकी एकीला 'अर्धगुणसूत्र' म्हटलंय आणि विभाजनाला 'अर्धगुणसूत्री'. वाचणाऱ्याला वाटतं, अर्धगुणसूत्रं वेगळी करणारं ते अर्धगुणसूत्री. खरं तर या विभाजनाच्या पहिल्या आणि महत्त्वाच्या भागात अर्धगुणसूत्रं वेगळी होतच नाहीत, सुटते ती जोडी.

असं धरा: तुमच्याकडे प्रत्येक पुस्तकाच्या दोन आवृत्त्या आहेत, एक आजोळच्या कपाटातली, एक घरच्या. अर्धं करणं म्हणजे प्रत्येक पुस्तक फाडून अर्धी पानं देणं नव्हे. प्रत्येक पुस्तकाची एकच आवृत्ती द्यायची, पण ती अख्खी. एकही पुस्तक सुटता कामा नये. २३ गुणसूत्रं कोणतीही चालत नाहीत. पहिल्या जोडीतलं एक, दुसरीतलं एक, असं तेविसाव्या जोडीपर्यंत प्रत्येकीतलं एक हवं.

निम्मी करायची गरजच काय?

नाही केली तर लेकराला ९२, नातवाला १८४. पुढचा हिशोब तुम्हीच करा.

या जोड्या सुटतात कशा? चित्र पाहून काही समजत नाही.

पोळ्याचं मैदान डोळ्यापुढे आणा. आंब्याच्या पानांचं तोरण बांधलंय, गावातल्या २३ बैलजोड्या आल्यात. प्रत्येक जोडीतला एक बैल आजोळच्या दावणीचा, एक घरच्या. जोडीतले दोन्ही बैल उंचीने, बांध्याने सारखे. रंगात, शिंगांच्या वळणात थोडा फरक.

सुरुवातीला सगळे बैल मैदानात विखुरलेले. मग प्रत्येक बैल आपला जोडीदार शोधून त्याला खेटून उभा राहतो. ही पूर्वावस्था, सगळ्यांत लांबणारी. मग सगळ्या जोड्या तोरणाखाली येतात, प्रत्येक जोडीतला एक बैल तोरणाच्या या अंगाला, दुसरा त्या अंगाला. ही मध्यावस्था. आजोळचा बैल कोणत्या बाजूला उभा राहील याचा काही नियम नाही, आणि शेजारची जोडी कशी उभी आहे याच्याशीही त्याचा संबंध नाही. झडत्या (पोळ्यातली गाणी) संपल्या, तोरण तुटलं, की दोन्ही बाजूंनी कासरे ओढले जातात. पेशीतल्या या कासऱ्यांना तर्कुतंतू म्हणतात. २३ बैल एका बाजूला जातात, २३ दुसऱ्या. ही पश्चावस्था. नंतर मधे कुंपण पडतं, दोन पेशी होतात, ती अंत्यावस्था.

दृष्टान्त इथे थोडा लंगडतो. पेशीतला प्रत्येक 'बैल' मैदानात येण्याआधीच आपली हुबेहूब प्रत काढून आलेला असतो आणि ती प्रत त्याला कमरेपाशी चिकटलेली असते. तोरण तुटल्यावर तो प्रतीसकटच जातो.

मग विभाजन दोनदा कशाला? जोडी सुटली की काम झालं ना?

त्या चिकटलेल्या प्रतीमुळे. विभाजन सुरू होण्याआधी डीएनएची प्रत निघते, त्यामुळे ४६ गुणसूत्रांत अर्धगुणसूत्रं ९२ होतात. पहिल्या भागात जोड्या सुटून प्रत्येक पेशीत २३ गुणसूत्रं जातात, पण प्रत्येकाच्या पाठीवर प्रत असतेच. दुसऱ्या भागात ती प्रत सुटते. दोन्ही भागांच्या मधे नवी प्रत काढली जात नाही, आणि सगळी गोम इथेच आहे. एकदा प्रत, दोनदा वाटणी: एका पेशीच्या चार होतात, चौघींकडे २३.

दुसरा भाग दिसायला सूत्री विभाजनासारखाच असतो, म्हणून मी तो वर्गात लवकर संपवतो.

पुस्तकात 'जनुकीय पुनःसंयोग' आहे. तो काय प्रकार?

पूर्वावस्थेत जोडीदार एकमेकांना खेटून असतात तेव्हा ते नुसते उभे राहत नाहीत. आईकडच्या गुणसूत्राचा एक तुकडा बापाकडच्यावर जातो आणि तेवढाच तिकडचा इकडे येतो. तुकडे मोजूनमापून त्याच जागेचे असतात, म्हणून सहसा कोणाचं काही कमी होत नाही. माणसाच्या एका शुक्राणूत अशा साधारण पंचवीस-सव्वीस अदलाबदलींच्या खुणा सापडतात, अंडपेशीत चाळिसेक.

म्हणजे तुम्ही तुमच्या लेकराला जे गुणसूत्र दिलं ते अगदी तुमच्या आईचंही नव्हतं आणि बापाचंही नव्हतं. दोघांचं ठिगळ जोडून तयार झालेलं, जगात त्याआधी कुठेच नसलेलं असं ते होतं. या अदलाबदलीचं आणखी एक काम आहे: तिच्यामुळे जोडी ओढ बसेपर्यंत एकमेकींत अडकून राहते. अदलाबदल झालीच नाही तर जोडी आधीच निसटते आणि वाटणी चुकू शकते.

असे तुकडे खरंच बदलतात याचा डोळ्यांनी दिसणारा पुरावा १९३१ साली हॅरिएट क्रेइटन आणि बार्बरा मॅक्लिंटॉक या दोघींनी मक्यावर काम करून दिला. कणसाच्या दाण्यांचे रंग नि पोत एकीकडे, सूक्ष्मदर्शकाखालचं गुणसूत्र दुसरीकडे, आणि दोन्ही जुळले.

एकाच मायबापाची लेकरं इतकी वेगळी काऊन असतात?

तोरणाखाली २३ जोड्या, प्रत्येकीच्या उभं राहण्याच्या दोन तऱ्हा. २३ वेळा दोन लिहून त्यांचा गुणाकार करा: ८३,८८,६०८. एकाच माणसाच्या बीजपेशी इतक्या प्रकारच्या होऊ शकतात. आईच्या तेवढ्या, बापाच्या तेवढ्या. दोन्हींचा गुणाकार केला तर ७० लाख कोटींच्या वर जातो. यात तुकड्यांची अदलाबदल अजून धरलेलीच नाही.

हुबेहूब सारखी भावंडं होतात ती फक्त एकाच गर्भाचे दोन झाले तर. तिथे बीजपेशींची सोडत एकदाच निघालेली असते.

हायब्रीड पऱ्हाटीची (कपाशीची) घरची सरकी पेरली तर काऊन जमत नाही? कंपनी काही टाकते काय त्यात?

हा प्रश्न मला पोरांपेक्षा त्यांच्या बापांनी जास्त वेळा विचारलाय. आणि 'कंपनीने औषध लावून बी वांझ केलं' हे उत्तर ऐकणाऱ्याने आधीच मनात धरलेलं असतं. तसं नाही. हायब्रीडची सरकी उगवते, वाढते, बोंडंही धरते. फक्त सारखी येत नाही.

हायब्रीड दोन वेगळ्या, पिढ्यान्पिढ्या एकसारख्या ठेवलेल्या वाणांच्या संकरातून बनतो. मादी वाणाच्या कळीतले पुंकेसर संध्याकाळी हाताने काढायचे, दुसऱ्या दिवशी सकाळी नर वाणाचा पराग तिथे लावायचा. जगातला पहिला व्यापारी कापूस हायब्रीड एच-४ १९७० साली सुरतला डॉ. सी. टी. पटेल यांनी असाच हातकामावर उभा केला. आपल्याकडे अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाच्या पीकेव्ही हायब्रीड-२ ने एक काळ गाजवला.

पाकिटातल्या प्रत्येक सरकीकडे एक संच या वाणाचा, एक त्या वाणाचा. म्हणून पाकिटातली सगळी झाडं सारखी. पण हे झाड फुलावर आलं की त्याच्या परागात आणि बीजांडात अर्धगुणसूत्री विभाजन होतं. जोड्या सुटतात, तुकडे बदलतात, आणि दोन वाणांच्या गुणांची जी नीट बांधलेली मोळी होती ती उकलते. पुढच्या वर्षी त्या सरकीतून एक झाड बुटकं, एक उंच, एकाचं बोंड मोठं, एकाचा धागा आखूड. वावर चिवड्यासारखं दिसतं.

सरळ वाणाचं तसं नाही. तिथे जोडीतली दोन्ही गुणसूत्रं जवळपास सारखीच, मग बीजपेशीत यातलं जावो की त्यातलं, फरक काय पडणार? सोयाबीनचे आपण पेरतो ते वाण सरळ आहेत आणि सोयाबीनचं फूल स्वतःच्याच परागावर फळतं. म्हणून घरचं सोयाबीन उगवणशक्ती तपासून पेरायला कृषी खातं सांगतं आणि हायब्रीड सरकीला नाही म्हणतं. दोन्ही सल्ल्यांच्या मागे कारण एकच.

याचा बोंडअळीशी काही संबंध आहे का?

आहे, आणि तो ऐकून बरेच कास्तकार चमकतात. बीटी कापूस, म्हणजे अळीला मारणारं विष स्वतःच बनवणारा कापूस, देशात २००२ साली आला, असं विष बनवणाऱ्या दोन जनुकांचा २००६ साली. हायब्रीड बनवताना बीटी जनुक बहुधा एकाच बाजूच्या वाणात असतं. म्हणजे तुमच्या झाडाच्या पेशीत जोडीतल्या एकाच गुणसूत्रावर ते आहे. तेवढं पुरतं, पानात, देठात, बोंडाच्या सालीत विष तयार होतं.

पण बोंडातली सरकी म्हणजे ते झाड नव्हे, ती पुढची पिढी. बीजपेशी बनताना जोडी सुटली की अर्ध्या बीजपेशींत जनुक जातं, अर्ध्यांत जात नाही. झाड स्वतःच्याच परागावर फळलं तर चारातली एक सरकी त्या जनुकाविना राहते. दोन जनुकं वेगवेगळ्या गुणसूत्रांवर असतील तर सोळातली एक सरकी दोन्हींविना, सहा सरक्यांत दोन्हींपैकी एकच आणि नवांत दोन्ही.

गुलाबी बोंडअळी बोंडात शिरून सरकीच खाते. एका सरकीत पूर्ण विष, दुसरीत अर्धवट, तिसरीत नाही. कोणतंही विष असं थोडंथोडं मिळालं की तग धरणाऱ्या अळ्या निवडल्या जातात आणि त्यांचीच पिढी वाढते. अळीत बीटीला प्रतिकार तयार झाला त्यामागचं हे एक कारण असल्याचं कापूस शास्त्रज्ञांनी मांडलंय. एकमेव कारण नाही. फरदड ठेवणं (वेचणी संपल्यावरही तेच पीक वावरात राखणं), बिगरबीटीच्या कडेच्या ओळी न लावणं, लांब हंगामाचे वाण, हे सगळं सोबत आहेच. २०१७ साली विदर्भात या अळीने बोंडांचं काय झालं ते ज्यांच्या वावरात झालं त्यांना मी सांगायची गरज नाही.

मग संत्र्याच्या प्रत्येक झाडाला सारखंच फळ कसं?

कारण तिथे हे विभाजन आपण टाळतो. शेंदूरजनाघाट-वरुडच्या पन्हेरीत (रोपवाटिकेत) जंबेरीच्या खुंटावर संत्र्याचा डोळा भरतात. डोळा म्हणजे त्याच झाडाचा तुकडा, सूत्री विभाजनाने वाढलेला. बीजपेशी नाही, सोडत नाही, म्हणून बदलही नाही.

खुंटाची गंमत तर वेगळीच. जंबेरीच्या एका बीमधून बऱ्याचदा दोन-तीन रोपं निघतात. त्यातलं एखादं परागातून झालेलं, बाकीची बीजांडाच्या आतल्या आईच्याच पेशींतून उगवलेली, आईची हुबेहूब नक्कल. पन्हेरीवाले वेगळी दिसणारी रोपं उपटून टाकतात. अर्धगुणसूत्री विभाजनाचं पोर ओळखून बाहेर काढायचं हे काम ते पुस्तक न वाचता करतात.

आम्ही दोघंही सिकलसेलचे वाहक. पहिलं लेकरू आजारी निघालं. आता पुढचे तीन तरी बरे येतील ना?

हा प्रश्न एका माजी विद्यार्थिनीने विचारला होता. तिला कोणीतरी सांगितलं होतं की चारात एक आजारी असतं. एक झालं, म्हणजे सुटलो.

तसं होत नाही. सिकलसेल हा रक्तातल्या हिमोग्लोबिनचा आजार. हिमोग्लोबिनच्या एका भागाचं जनुक अकराव्या गुणसूत्रावर असतं. वाहकाच्या जोडीतल्या एका गुणसूत्रावर ते नीट आहे, एकावर बिघडलेलं. याला एएस म्हणतात. तो माणूस आजारी नाही, त्याची तब्येत सहसा इतरांसारखीच. त्याच्या बीजपेशी बनताना जोडी सुटते आणि निम्म्या बीजपेशींत नीट जनुक जातं, निम्म्यांत बिघडलेलं.

ग्रामपंचायतीत दोघांना सारखी मतं पडली की ईश्वरचिठ्ठी काढतात ना? इथे आईच्या डब्यातून एक चिठ्ठी निघते, बापाच्या डब्यातून एक. दोन्ही बिघडलेल्या निघण्याची शक्यता चारात एक. पण डबा रिकामा होत नाही. पुढच्या गर्भाच्या वेळी पुन्हा तेवढ्याच चिठ्ठ्या असतात. मागच्या वेळी काय निघालं ते डब्याला आठवत नाही. म्हणून प्रत्येक गरोदरपणात शक्यता तीच: २५ टक्के एसएस म्हणजे आजारी, ५० टक्के एएस म्हणजे वाहक, २५ टक्के एए म्हणजे बिघडलेलं जनुक अजिबात नसलेलं. चारही लेकरं निरोगी होऊ शकतात, चारही आजारी होऊ शकतात.

बाकीच्या जोड्यांचा हिशोबही याच चिठ्ठ्यांवर बसतो. एक वाहक, एक एए असेल तर एकही लेकरू आजारी होणार नाही, निम्मी शक्यता वाहक होण्याची. एक एसएस आणि एक एए असेल तर सगळी लेकरं वाहक. एक एसएस आणि एक वाहक असेल तर प्रत्येक वेळी निम्मी शक्यता आजाराची.

गडचिरोली, चंद्रपूर, गोंदिया, भंडारा, नागपूर या पट्ट्यात हे जनुक बऱ्याच समाजांत आढळतं. तपासणी सोपी आहे: प्राथमिक आरोग्य केंद्रात विद्राव्यता चाचणी, ती होकारार्थी आली तर पुढे इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी या खात्रीच्या चाचण्या. १ जुलै २०२३ पासून केंद्र सरकारचं सिकलसेल निर्मूलन अभियानही सुरू आहे. दोघं वाहक असाल तर गरोदरपणाच्या अगदी सुरुवातीलाच डॉक्टरांकडे जा. गर्भाची तपासणी करता येते, पण तिला वेळेची मर्यादा असते.

आणि एक सांगायचंच आहे. वाहक मुलीचं जमलेलं लग्न मोडतं, वाहक मुलाचं सहसा मोडत नाही, हे मी पाहिलंय. चिठ्ठ्या दोन्ही डब्यांत सारख्याच असतात.

पोरगं की पोरगी, हे बाईवर असतं का?

नाही. तेविसावी जोडी आईकडे एक्स-एक्स, बापाकडे एक्स-वाय. आईच्या प्रत्येक अंडपेशीत एक्सच जातो. बापाच्या निम्म्या शुक्राणूंत एक्स, निम्म्यांत वाय. १९०५ सालीच नेटी स्टीव्हन्स या संशोधक बाईने पिठातल्या किड्याच्या शुक्राणूंत हे पाहिलं होतं. शंभर वर्षं उलटली तरी आपल्याकडे सासरी बोलणी सुनेलाच बसतात. बापाला दोष द्या असंही नाही, त्याच्याही हातात काही नसतं. कोणतं औषध, कोणता उपास, कोणती तारीख, काही उपयोग नाही. गर्भलिंग तपासणं १९९४ च्या कायद्याने गुन्हा आहे.

बाई आणि माणूस, दोघांत हे विभाजन सारखंच होतं का?

पद्धत तीच, वेळापत्रक मात्र जमीनअस्मानाचं.

पुरुषात ते वयात आल्यावर सुरू होतं आणि म्हातारपणापर्यंत चालू राहतं. मूळ पेशीपासून तयार शुक्राणू व्हायला साधारण अडीच महिने लागतात. एका पेशीचे चार शुक्राणू, चारही आकाराने सारखे.

स्त्रीत ते तिच्या जन्माआधी सुरू होतं. मुलगी आईच्या पोटात असतानाच तिच्या अंडाशयातल्या पेशी पूर्वावस्थेत शिरतात, जोडीदार खेटून उभे राहतात, तुकडे बदलतात आणि तिथेच थांबतात. गर्भात वीस आठवड्यांच्या सुमारास अशा ६० ते ७० लाख पेशी असतात, जन्मताना दहा-वीस लाख उरतात, वयात येईपर्यंत तीन-चार लाख. आयुष्यात पक्व होऊन बाहेर पडतात जेमतेम चारशे. जी पेशी बाहेर पडायची तिचा पहिला भाग तेव्हा पूर्ण होतो. दुसरा भाग पुन्हा मधेच थांबतो आणि शुक्राणू आत शिरला तरच पुरा होतो.

म्हणजे तुम्ही ज्या अंडपेशीतून झालात ती तुमच्या आजीच्या पोटात तयार व्हायला लागली होती. वर्गात हे सांगितलं की दोन मिनिटं कोणी बोलत नाही.

वाटणीही सारखी नसते. चार पेशींऐवजी एकच मोठी अंडपेशी होते. सगळी शिदोरी तिलाच मिळते, बाकीच्यांना फक्त गुणसूत्रं. त्या इवल्या पेशी नंतर विरून जातात.

उशिरा मूल झालं तर डाऊन सिंड्रोम होतो म्हणतात. खरं काय?

कधीकधी एखादी जोडी सुटतच नाही, दोन्ही गुणसूत्रं एकाच बाजूला जातात. एकविसाव्या जोडीचं असं झालं तर लेकराला २१ क्रमांकाची तीन गुणसूत्रं मिळतात, एकूण ४७. हाच डाऊन सिंड्रोम. अंडपेशीत जोड्या कित्येक वर्षं थांबून असतात, त्यांना धरून ठेवणारे दुवे वयाबरोबर सैल होतात, म्हणून आईच्या वयाचा संबंध येतो. विशीत साधारण दीड हजारांत एक, पस्तिशीत साडेतीनशेत एक, चाळिशीत शंभरात एक. तरी शंभरातली नव्याण्णव नीटच होतात, हेही वाचा. यात आईने काही खाल्लं, ग्रहण पाहिलं, ओझं उचललं याचा काडीचा संबंध नाही.

खेचराला पिल्लू काऊन होत नाही? गाय-म्हशीचं काऊन जमत नाही?

घोड्याची गुणसूत्रं ६४, गाढवाची ६२. खेचराला एकाकडून ३२, दुसऱ्याकडून ३१, मिळून ६३. जगायला काही अडत नाही, राबतं तर दोघांपेक्षा जास्त. पण बीजपेशी बनवताना प्रत्येकाने जोडीदार शोधायचा असतो, आणि तिथे जोड्याच नीट लागत नाहीत. विभाजन अडतं. गाईची ६०, म्हशीची ५०. त्यांचा तर गर्भही धरत नाही.

आपल्या वावरातलं उदाहरण हवं तर देशी कापूस २६ गुणसूत्रांचा, अमेरिकन ५२ चा. दोघांचा संकर केला तर १३ आणि २६, मिळून ३९. झाड होतं, पण वांझ.

भंडाऱ्याकडे म्हणतात, धान पोटरीत असताना बांधीतलं पाणी हटू देऊ नका. त्याचाही याच्याशी संबंध?

थेट. लोंबी अजून पानाच्या गाभ्यात लपलेली असते, निसवायला दहा-बारा दिवस असतात, तेव्हाच आत पराग बनवणाऱ्या पेशींचं अर्धगुणसूत्री विभाजन चालू असतं. झाडाच्या आयुष्यातला हा फार नाजूक काळ. पाण्याचा ताण बसला किंवा थंडी पडली तर पराग वांझ होतो. बाहेरून काहीच दिसत नाही, निसवल्यावर पोचट दाणे दिसतात, आणि तोवर उपाय राहिलेला नसतो. म्हाताऱ्या माणसांना पेशीचं नाव माहीत नव्हतं, वेळ मात्र अचूक माहीत होती.

प्रयोगशाळेत कांद्याच्या मुळात हे विभाजन दिसलं नाही.

दिसणारच नाही. मुळाचं टोक वाढतं सूत्री विभाजनाने. हे पाहायचं तर फुलाकडे जा. बियाण्यासाठी लावलेल्या कांद्याच्या गोंड्यातल्या अगदी कोवळ्या, न उमललेल्या कळ्या सकाळी घ्या, परागकोश फोडा, अॅसिटोकार्मिन या रंगद्रव्याने रंगवा. कांद्याची १६ गुणसूत्रं, म्हणजे आठच जोड्या, मोजायला सोप्या. कळी उमलली की उशीर झाला. नर नाकतोड्याच्या वृषणातही सुंदर दिसतं. वॉल्टर सटन या कॅन्ससच्या शेतकऱ्याच्या पोराने नाकतोड्यातच जोड्या सुटताना पाहिल्या आणि १९०२-०३ मध्ये सांगितलं की मेंडेलचे आनुवंशिकतेचे नियम म्हणजे गुणसूत्रांचंच वागणं आहे. मेंडेलचं वाटाण्यावरचं लेखन तेव्हा ३६ वर्षं जुनं होतं.

परीक्षेत गुण कुठे जातात?

तीन ठिकाणी. पहिल्या भागानंतर पेशीत किती गुणसूत्रं, याला मुलं ४६ लिहितात. गुणसूत्रबिंदू, म्हणजे दोन प्रती चिकटलेल्या असतात त्या जागा, मोजा, २३ येतील. दुसरं, दोन्ही भागांच्या मधे डीएनएची प्रत निघते असं लिहितात, निघत नाही. तिसरा 'नीट' या वैद्यकीय प्रवेश परीक्षेच्या तयारीतला आवडता प्रश्न: गव्हाचे १०० दाणे तयार व्हायला किती अर्धगुणसूत्री विभाजनं लागतील? उत्तर १२५. एका विभाजनातून चार परागकण, म्हणून परागासाठी २५. बीजांडात मात्र चारांतली एकच पेशी टिकते, म्हणून तिकडे १००.

मधमाशीच्या नराला बाप नसतो हे खरं का?

खरं. राणी अंडी घालताना काही फळवते, काही नाही. फळलेल्यातून ३२ गुणसूत्रांची मादी, न फळलेल्यातून १६ गुणसूत्रांचा नर. त्याच्याकडे जोड्याच नाहीत, मग सोडवायच्या काय? म्हणून त्याचे शुक्राणू गुणसूत्रं निम्मी न करताच बनतात, सगळे एकसारखे. त्याला बाप नसतो, पण आईला बाप होता. आजोबा असलेलं बिनबापाचं पोर.